किती दिवसाआड

घर बघायला आलेलं पहिलं गिऱ्हाईक बैठकीत टेकलंच नाही. दारात चपला काढल्या, दोन खोल्यांवरून नजर फिरवली आणि ते गृहस्थ सरळ मागच्या अंगणात गेले. तिथं हौदाचं झाकण उचलून, गुडघ्यांवर हात ठेवून, वाकून आत बघत राहिले. मग आईकडे वळून विचारलं, "मावशी, इथं पाणी किती दिवसाआड येतंय ओ?"

"चार दिवसाआड. उन्हाळ्यात पाच."

"हौद किती लिटरचा?"

"दहा हजाराचा."

तेव्हा कुठं त्यांचा चेहरा सैल झाला. झाकण जागच्या जागी ठेवून, हात झटकून ते आत आले आणि मग खोल्या मोजायला लागले. जुळे सोलापुरात घर बघायचं म्हणजे आधी हौद बघायचा. दक्षिणेचं वारं, हवेशीर स्वयंपाकघर, दारापुढचा कडुनिंब, हे सगळं त्यानंतर. पुढच्या चौदा महिन्यांत आमच्याकडे किती माणसं आली ते मी मोजलं नाही, पण ते झाकण न उचलता गेलेलं एकही आठवत नाही. सिमेंटचं जड झाकण आहे, मधोमध सळीची कडी. उचलताना फरशीवर घासून एक आवाज होतो. त्या वर्षभरात स्वयंपाकघरात असले तरी त्या आवाजावरून मला कळायचं, माणूस खरंच घेणारं आहे की नुसतं बघून जाणारं. खरं घेणारा झाकण पूर्ण बाजूला ठेवतो.

२०२४ च्या जानेवारीत, गड्डा यात्रेच्या दिवसांत, आम्ही घर विकायचं ठरवलं. माझे यजमान स्थापत्य अभियंता, सगळी नोकरी पाणीपुरवठ्याच्या कामांत गेलेली. त्यांना न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टन शहरात काम मिळत होतं. पाण्याच्या नळांचंच काम. मुलगा आठवीत. जायचं तर कायमचं जायचं, असं आम्ही दोघांनी बरेच दिवस बोलून नक्की केलं होतं. माझे वडील, आप्पा, २०१९ मध्ये गेले. आई एकटी या घरात राहणं शक्य नव्हतं, तिला भाऊ पुण्यात हडपसरला नेणार होता. आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांची मुलं हडपसर-मांजरी भागातच आहेत. पुण्याला जाणाऱ्या हुतात्मा एक्स्प्रेसच्या वेळा इथल्या म्हाताऱ्या माणसांना पंचांगासारख्या पाठ असतात. त्या निम्म्या घरांपैकी काही बंद आहेत, काहींच्या फाटकावर 'विकणे आहे' लिहिलेलं आहे. त्यात आमच्या फाटकाची भर पडली.

किती दिवस लागतील, हे मी ज्याला त्याला विचारत होते. एजंट म्हणाला, तीन महिने. वकील म्हणाले, कागद नीट असतील तर सहा. शेजारच्या काकांनी नुसतं वर बघितलं. त्यांचं घर तीन वर्षांपासून विकायला आहे.

एजंटाचे तीन महिने खोटे नव्हते. त्यानं गिऱ्हाईक शोधायचे तीन महिने सांगितले होते, आणि गिऱ्हाईकं आलीही. पण घर विकायचं म्हणजे ते आपलं होतं हे आधी सिद्ध करायचं असतं, आणि तिथंच खरा वेळ जातो. घेणाऱ्याचा वकील तीस वर्षांचा शोध मागतो. तीस वर्षं मागं जायचं म्हणजे आप्पांच्या पत्र्याच्या पेटीत जायचं. ती पेटी मी फेब्रुवारीत उघडली आणि उन्हाळा संपेपर्यंत तिच्यातच होते, असं म्हटलं तरी चालेल.

आप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. कागद टाकून देणं त्यांना माहीत नव्हतं. १९९१ चं प्लॉटचं खरेदीखत, त्याला लावलेला बिनशेतीचा आदेश, मंजूर ले-आउटचा निळा नकाशा, घडीवर फाटलेला नि मागून कापडी पट्टीनं चिकटवलेला. त्या काळी शहराच्या कडेला पाच-पाच, दहा-दहा हजारांत गुंठेवारीचे तुकडे मिळत. बरोबरीचे मास्तर म्हणत, घ्या मास्तर, कोण विचारतंय कागदाला. आप्पांनी घेतले नाहीत. एन. ए. झालेला प्लॉटच पाहिजे म्हणून दोन वर्षं थांबले, सोसायटीचं कर्ज काढलं आणि दीड हजार चौरस फूट घेतले. त्यांच्या या हट्टामागं काय होतं ते मला फार उशिरा कळलं.

त्या खरेदीखतात आमच्या जागेचं वर्णन 'मौजे मजरेवाडी' असं आहे. पुढच्याच वर्षी, १९९२ मध्ये, सोलापूर शहराची हद्द वाढली आणि मजरेवाडी महापालिकेत आली. म्हणून आमच्याकडे एका जागेचे दोन पत्ते आहेत. जुन्या कागदावर आम्ही खेड्यातले, नव्यावर शहरातले. वकिलांना ही जोडणी लावून देताना मी सांगत होते, घर जागचं हललेलं नाही, गाव बदललंय. आणि सांगता सांगता थांबले, कारण आमच्या घरात याच्या उलटी गोष्ट आधी एकदा घडून गेली आहे.

आमचं मूळ गाव करमाळा तालुक्यातलं, भीमेच्या काठचं, कुगावच्या बाजूचं. ते आज उजनी धरणाच्या पोटात आहे. उजनीचं काम १९६६ च्या सुमाराला सुरू झालं आणि १९८० मध्ये धरण पूर्ण झालं. आजोबांच्या हातात १८९४ च्या भूसंपादन कायद्याची नोटीस आली होती. गावात तिला 'कलम चारची नोटीस' म्हणत. राज्यानं प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा १९७६ मध्ये केला, तोवर आमच्या गावाचं जायचं ठरून गेलेलं होतं. गाव उठलं तेव्हा मी आईच्या पोटात होते. त्या घराची मला आठवण असायचं कारण नाही. पण आमच्या जुळे सोलापूरच्या घराची पुढची चौकट त्या घराची आहे. सागवानी, तळहाताएवढी जाड, उंबऱ्याला मधोमध झिजून खळगा पडलेला. गाव बुडायच्या आधी लोकांनी आपापल्या घरांची लाकडं उतरवून नेली, तशी आजोबांनीही उतरवली. तुळया विकल्या गेल्या. चौकट वीस वर्षं पुनर्वसनाच्या गावठाणात पत्र्याच्या शेडला टेकून उभी होती. १९९६ मध्ये आप्पांनी ती टेंपोतून इथं आणली आणि गवंड्याला सांगितलं, दार या मापाचं ठेव. त्यामुळं आमच्या घराचं पुढचं दार इतर दारांपेक्षा चार बोटं बुटकं आहे. उंच माणसं आत येताना वाकतात. घर बघायला आलेल्यांपैकी दोघा-तिघांनी कपाळ आपटून घेतलं.

आणि या घराला पाणी येतं ते उजनीचं. सोलापूरपासून शंभरेक किलोमीटरवरून, पाइपातून. नळाला पाणी आलं की आजी म्हणायची, गावाकडचं पाणी आलं. मला वाटायचं, ती कौतुकानं म्हणते.

त्या एप्रिलपासून गिऱ्हाईकं येणं थांबलं. सोलापुरात उन्हाळ्यात पेपर उघडला की पहिल्या पानावर उजनीची टक्केवारी असते. जिवंत साठा संपला की धरण 'मायनस'मध्ये जातं. इथं रिक्षावाल्यापासून प्राध्यापकापर्यंत सगळे तसंच म्हणतात, "उजनी मायनसमध्ये गेलं की." २०२४ चा उन्हाळा धरणाच्या इतिहासातला सगळ्यात वाईट ठरला. साठा उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेला. आमच्या भागात पाच दिवसांवरून सहा दिवसांवर पाळी गेली. अशा दिवसांत कोण घर घेणार? एजंट फोनवर म्हणायचा, मॅडम, समांतर जलवाहिनी होऊ द्या, रोज पाणी येणार, मग बघा भाव. मी कॅलेंडर बघत होते. यजमानांना सप्टेंबरमध्ये रुजू व्हायचं होतं.

आईनं पेपर वाचून एवढंच विचारलं, "मायनस कितीला गेलंय?"

मी सांगितलं.

"मग घर दिसत असंल," ती म्हणाली.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात भाऊ गाडी घेऊन आला आणि आम्ही तिघं गेलो. पहाटे निघालो तरी पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. नेहमी जिथं समुद्रासारखं पाणी असतं तिथं भेगाळलेला गाळ पसरला होता, मैलच्या मैल. उसाच्या शेतकऱ्यांनी मोटारी उचलून पाण्याच्या मागं मागं नेलेल्या, काळ्या पाइपांच्या रांगाच्या रांगा गाळावर लोळत पडलेल्या. गोगलगायींचे पांढरे शंख पायाखाली कुरकुरत होते. लांबवर कुगावचा इनामदार वाडा उघडा पडला होता, तो बघायला पुण्याहून लोक आले होते, फोटो काढत होते. आई तिकडं वळलीही नाही. पदर डोक्यावरून घट्ट घेऊन ती एका दिशेनं चालायला लागली, जशी बाजाराला निघालेली बाई चालते. अडुसष्ट वर्षांची, गुडघे दुखणारी माझी आई. आम्ही दोघं तिच्या मागं.

महादेवाच्या देवळाचा चौथरा तिनं आधी ओळखला. तिथून डावीकडं, आडाच्या कठड्याचे चार दगड. आडापासून तिनं पावलं मोजली. मग एका काळ्या दगडांच्या जोत्यापाशी थांबली. कमरेएवढं जोतं, वर काही नाही. मधोमध दोन दगडांच्यात एक रिकामी जागा होती. तिथं ती वाकली आणि गाळ हातानं बाजूला केला. चौकटीचे पाय जिथं रोवलेले असतात ते दोन चौकोनी खड्डे. तिनं मला हात घालायला लावला. आत गार, ओला गाळ होता. "ही आपल्या दाराची भोकं," ती म्हणाली.

जोत्यावर चढून ती फिरली. ही ओसरी. हे माजघर. इथं तुझ्या आजीची चूल, इथं जातं. दादा इथं झाला. भावानं खाली बघितलं, त्या जागी बाभळीचा एक खुंट होता. आम्ही दोघंही काही बोललो नाही. तिनं पिशवीतून पाण्याची बाटली काढली, दोन घोट घेतले आणि जोत्याच्या कडेला पाय सोडून बसली.

मी विचारलं, "पाणी किती दिवसांत आलं गं?"

"नोटीस येऊन लई वर्सं झाली होती. लोक मनावर घेईनात. म्हनायचे, एवढं पानी यायचं कुठनं? भीमा काय आज वाहतीय? मग त्या साली पाऊस झाला आन् आठ दिसांत परड्यापर्यंत आलं. मामंजी गुडघाभर पान्यात उभं राहून चौकट काढत होते. मी माळावर गाडीपाशी उभी, दादा काखेत."

थोड्या वेळानं ती म्हणाली, "तुला सारखं वाटतंय ना, घर इकायला लई दिस लागत्यात? लागू दे की. बघू दे लोकांना, हौदात वाकू दे. ह्या घराला गिऱ्हाईक बघावंच लागलं न्हाई. कुनी इचारलंच न्हाई आमाला, द्येता का म्हनून."

आप्पा एन. ए.च्या प्लॉटसाठी दोन वर्षं का थांबले, ते मला तिथं कळलं. ज्यांच्या बापाचं घर एका कागदानं गेलं त्यांना आपल्या घराखाली पक्का कागद पाहिजे होता. आणि तोच पक्का कागद आता मला एकेका कार्यालयात सिद्ध करावा लागत होता. गाडीत बसल्यावर माझ्या मनातली घाई थोडी कमी झाली. सगळी गेली असं म्हणणार नाही, तारखा तारखांच्या जागी होत्याच. पण तोवर मी या विलंबाकडे अडथळा म्हणून बघत होते. त्या दिवसापासून तो मला आमचा हक्क वाटायला लागला. कुणीतरी येऊन विचारतंय, देणार का? किती घेणार? कधी देणार? आणि आम्ही तिघं बसून ठरवतोय.

जूनमध्ये एक चांगलं गिऱ्हाईक कागदावर अडलं. बँकेचं कर्ज काढणार होते, आणि बँकेला आप्पांच्या पश्चात वारस कोण याचा कोर्टाचा दाखला पाहिजे होता. आपल्याकडं हा वारस दाखला आजही मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या आठव्या रेग्युलेशनखाली मिळतो. म्हणजे कंपनी सरकारचा कायदा, पेशवाई जाऊन दहा वर्षं झालेली नव्हती तेव्हाचा. अर्ज करायचा, कोर्टानं हरकती मागवणारी जाहीर नोटीस काढायची, तारखा पडायच्या. एका कार्यालयात आप्पांचं नाव निराळं लागलेलं निघालं, आडनावातला एक काना गळालेला. दोन्ही नावांचा माणूस एकच आहे असं प्रतिज्ञापत्र आईला करावं लागलं. शिक्का मारणाऱ्या कारकुनानं तिला विचारलं, "आजी, नक्की एकच ना?" आई म्हणाली, "पंचेचाळीस वर्सं एकच होते." तो कारकून उठून उभा राहिला आणि तिला बसायला खुर्ची दिली.

एजंटानं मध्येच एक सोपा मार्ग सुचवला. मी हक्कसोडपत्र करून द्यावं आणि निघून जावं, मग आई आणि भाऊ विकतील. तो मार्ग खरंच सोयीचा होता. मी अनिवासी झाले की घेणाऱ्याला माझ्या हिश्श्याच्या रकमेतून वरच्या दरानं कर कापून भरावा लागणार होता, त्यासाठी टॅन नंबर काढावा लागणार होता. विकणारे सगळे इथलेच रहिवासी असले आणि किंमत पन्नास लाखांच्या आत असली तर त्यातलं काहीच लागत नाही. साहजिकच घेणारी माणसं परदेशी गेलेल्या वारसाचं नाव ऐकलं की मागं सरतात. कुलमुखत्यारपत्र तिकडून पाठवायचं तर वकिलातीचा शिक्का, इथं आल्यावर पुन्हा मुद्रांक. त्यात २३ जुलैच्या बजेटनं भांडवली नफ्याचा दर १२.५ टक्के करून महागाईची वजावट काढून टाकली. ऑगस्टमध्ये जुन्या मालमत्तांसाठी वजावटीसह २० टक्क्यांचा पर्याय परत दिला, पण तोही रहिवाशांनाच. सगळे कागद मला एकच सांगत होते. सही सोडून जा, नाहीतर जायच्या आधी विक.

मी हक्कसोडाला तयार होते. आई झाली नाही. माझ्या दोन आत्यांच्या अंगठ्यांची गोष्ट तिनं मला तेव्हा पहिल्यांदा सांगितली. गावाकडच्या घराचा नि जमिनीचा मोबदला यायचा होता तेव्हा दोघींना माहेरी बोलावलं, पुरणपोळी केली, चोळी-लुगडं दिलं आणि कागदावर अंगठे घेतले. १९५६ च्या कायद्यानं त्यांचा वाटा होता. कुणी त्यांना तो सांगितला नाही. त्यांनीही विचारला नाही. "तुझ्या बापानं घर बांधताना तुझं नि दादाचं म्हनून बांधलं," आई म्हणाली. "इकताना तिघांच्या सया होतील. उशीर लागला तर लागू दे." भावानं मान डोलावली. तोही त्या दिवशी जोत्यावर होता.

सप्टेंबरात यजमान एकटे पुढं गेले. मी आणि मुलगा मागं राहिलो. पितृपंधरवड्यात कुणी घर बघायलाही येत नाही. मुलाचं तिथलं शाळेचं सत्र एप्रिलच्या शेवटी सुरू होत होतं, ती आमची शेवटची तारीख झाली.

कोर्टाच्या खेपा घालताना मी कधी कधी भय्या चौकातून जायची. तिथं डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं राहतं घर आहे, आता स्मारक झालेलं. शाळेत असताना आम्हाला रांगेनं त्यांच्या गोष्टी सांगितल्या जात. १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकाबरोबर ते चीनला गेले. सत्तावीस वर्षांचे होते. तिकडं लढाईत जखमी झालेल्यांवर शस्त्रक्रिया केल्या, तिथलीच सहचारिणी निवडली, मुलगा झाला आणि १९४२ च्या डिसेंबरात तिकडंच गेले. एका दुपारी मी त्या घरासमोर बराच वेळ उभी राहिले. सोलापुरातून दूर देशी जाणारं माणूस म्हटलं की मला लहानपणापासून तेच आठवतात. पण ते परत यायचं म्हणून गेले होते. त्यांना घर आवरावं लागलं नाही, कपाटं रिकामी करावी लागली नाहीत, कुठली भांडी कुणाला द्यायची ते ठरवावं लागलं नाही. परत न येण्याचं ठरवून, कपाटं आवरून निघणाऱ्या माणसाला कुणाकडं बघून शिकावं, ते मला कळत नव्हतं. मी कोर्टात गेले. त्या दिवशीही तारीखच पडली.

दसऱ्याला विसार झाला. घेणारं जोडपं पूर्व भागातलं. त्यांचा अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत टॉवेलचा छोटा कारखाना आहे. घरात आपसात तेलुगू बोलतात, आमच्याशी अस्सल सोलापुरी. त्यांचे पणजोबा तेलंगणातून हातमागावर काम करायला सोलापुरात आले. पूर्व भागात त्यांच्या दोन खोल्यांत चार पिढ्या वाढल्या, आता मुलांना अभ्यासाला जागा पाहिजे म्हणून जुळे सोलापूर. घर बाईच्या नावावर घेणार होते. मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते हे कारण त्यांनी सांगितलं. पण भाव ठरवायला, हौद बघायला, वकिलाशी बोलायला प्रत्येक वेळी ती स्वतः पुढं होती. झाकण तिनंच उचललं होतं, आणि पूर्ण बाजूला ठेवलं होतं.

पहिल्या भेटीत तिनं चौकटीवरून हात फिरवला. "हे जुनं दिसतंय ओ काकू." आईनं तिला सगळं सांगितलं, देवळाच्या चौथऱ्यापासून गुडघाभर पाण्यापर्यंत. खरं तर आम्ही चौकट काढून नेता येते का ते सुताराला विचारलं होतं. त्यानं ठोकून बघितलं आणि सांगितलं, भिंत फोडावी लागेल, आणि फोडून काढली तरी हडपसरच्या फ्लॅटला ती लावणार कुठं? आई गप्प राहिली. मग विसाराच्या दिवशी तिनं त्या बाईला विचारलं, "तुम्ही दार उंच करून घ्याल ना?" ती म्हणाली, "आमच्याकडं कोण एवढं उंच हाय?" आईला हसू आलं. त्या वर्षातलं मला आठवणारं ते तिचं पहिलं हसू.

वारस दाखला जानेवारीत हातात आला. घराला नावं लागायला फेब्रुवारी उजाडला. आप्पांच्या नावाखाली तीन नावं, आईचं, दादाचं, माझं. नोंद झालेला तो उतारा आई चष्मा लावून पुन्हा पुन्हा वाचत होती. विकायच्या आधी बरोबर दीड महिना हे घर कागदावर माझं होतं.

मार्चमध्ये दुय्यम निबंधकाकडं ही गर्दी. १ एप्रिलपासून रेडी रेकनरचे दर वाढणार अशी बोलवा होती, त्यामुळं सगळ्यांना ३१ मार्चच्या आत दस्त करायचे होते. दर वाढलेही, सोलापूर शहरात दहा टक्क्यांच्या घरात. आमचा दस्त मार्चच्या शेवटच्या आठवड्यात झाला. अंगठे, फोटो, ओळखीला दोन माणसं. यंत्रावर आईचा अंगठा उमटेना. आयुष्यभर भांडी घासून, भाकरी थापून बोटांच्या रेषा गेल्या होत्या. तीनदा पुसला, चौथ्यांदा उमटला. माझी सही झाल्यावर तिनं कागदाकडं वाकून बघितलं, नीट झाली का म्हणून.

ताबा पाडव्याला द्यायचा ठरला. ३० मार्चला.

आदल्या रात्री घर रिकामं झालं होतं. माझ्या तीन बॅगा, प्रत्येकी तेवीस किलोच्या, एका भिंतीला लागून उभ्या होत्या. शेंगाचटणीचे दोन पुडे आत-बाहेर करून शेवटी आत राहिले होते. मुलगा चादरीवर झोपला होता. पहाटे तीनला मला आवाजानं जाग आली. हौदाचं झाकण. मी मागं गेले तर आई दिव्याखाली उभी, पाइप हौदात सोडलेला, नळाला धार जोरात.

"आज पाळी आहे," ती म्हणाली.

"अगं, सकाळी ते लोक येणार. आता कशाला भरतेस?"

"रिकामं घर द्यायचं असतंय. रिकामा हौद देत न्हाईत."

मी मोटार लावली. वरची टाकी भरली. तिनं स्वयंपाकघरात ठेवलेला शेवटचा पितळी हंडा भरला, तो त्या बाईला द्यायचा होता. हौद भरत आला तशी ती कठड्यावर बसून राहिली. दीडेक तास. मीही शेजारी बसले. आम्ही विशेष काही बोललो नाही. पाणी वर वर येत होतं आणि काठाला लागल्यावर तिनं एकदा हात बुडवून बघितलं.

उजाडताना तिनं पुढच्या दाराची लोखंडी कडी काढली. ती गावाकडची, कोयंड्यात अडकवायची. दाराला आता लॅचचं कुलूप आहे, कडीचा उपयोग कधीच संपला होता. जुन्या पातळाच्या तुकड्यात गुंडाळून तिनं ती पिशवीत ठेवली.

नऊ वाजता ती मंडळी आली. मुलं आधी आत धावली, एकानंही मान वाकवली नाही, एवढी लहान आहेत. बाईनं उंबऱ्यावर हळद-कुंकू वाहिलं, खळग्यात दोन फुलं ठेवली. किल्ल्या घेतल्या आणि चालत मागं गेली. झाकण बाजूला घासल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही.

बाहेर आली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. आईचा हात धरून तिनं विचारलं, "काकू, आता पुढची पाळी कधी ओ?"

"शुक्रवारी," आई म्हणाली. "पहाटे तीनला येतंय. गजर लावून ठेव."